बॅटचा वास घेणारे डबेकाका

स्पर्धा तीन दिवसांवर आली, की डबेकाका कांदा-लसूण बंद करायचे. डोक्याला तेल नाही, अंगाला साबण नाही, जेवणानंतर बडीशेपसुद्धा नाही. एखाद्या व्रतस्थ माणसानं पाळलं नसतं इतकं ते पाळायचे, आणि देवाधर्माचं म्हणाल तर त्यांना काडीचं वेड नव्हतं. हे सगळं कशासाठी? तर टेबल टेनिसच्या बॅटी हुंगण्यासाठी. हसू नका. आमच्या नांदेड-लातूरकडच्या खेळाडूंना विचारा, सामन्याआधी धास्ती असायची ती समोरच्या खेळाडूची नाही, काकांच्या नाकाची.

ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर बघितलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. बॅटच्या लाकडावर दोन्ही बाजूंनी रबर चिकटवलेलं असतं. काही हुशार मंडळी ते पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या गोंदानं चिकटवतात, नाहीतर रबराला आतून कसलंसं तेल पाजतात. रबर फुगतं, ताणलं जातं आणि चेंडू नुसता सणसणत सुटतो. या दोन्ही गोष्टींना बंदी आहे. एक तर ती लबाडी, आणि दुसरं म्हणजे त्या गोंदाची वाफ माणसाला बाधते. मोठ्या स्पर्धांत ही वाफ मोजायला मशीन असतं. आमच्या विभागाकडं मशीन नव्हतं, काका होते.

काका मूळचे माहूरकडचे, पण सगळी नोकरी नांदेडच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून झाली. कुठल्या बाटलीचं बूच सैल राहिलंय हे ते म्हणे दारातूनच सांगायचे. तरुणपणी थोडंफार टेबल टेनिस खेळलेले, त्यामुळं निवृत्त झाल्यावर संघटनेनं त्यांना बॅट तपासणीला बसवलं. घरी काकूंची मात्र तारांबळ. "यांच्या नाकापायी मी शेजारणीच्या घरी जाऊन फोडणी टाकून आणते बघा," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. तक्रारीच्या सुरात सांगायच्या, पण त्यात कौतुकच जास्त असायचं.

डबेकाका हे नाव आम्ही पोरापोरींनी ठेवलेलं. त्यांच्याकडं घट्ट झाकणाचे बारा स्टीलचे डबे होते, प्रत्येकावर रंगानं आकडा घातलेला. स्पर्धेआधी दोन दिवस ते डबे गच्चीवर उन्हात पडलेले असायचे. सामन्याआधी आपली बॅट त्यांच्या हवाली करायची, ते ती डब्यात घालून झाकण लावायचे आणि घड्याळ बघत बसायचे. दहा मिनिटांनी झाकण बोटभर उघडून वास घ्यायचे. त्याआधी न चुकता एका रिकाम्या डब्याचा वास घ्यायचे. मी एकदा विचारलं, "काका, त्यात तर काहीच नाही." तर म्हणाले, "म्हनूनच घ्यायलोय, माय. काहीच नसलं तर कसा वास येतो ते आदी नाकाला दाखवावं लागतं."

आता नाक काही नियमाच्या पुस्तकात बसत नाही, हे काकांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक कायदा केलेला. त्यांना वास आला, की तो डबा ते बॅटच्या मालकापुढं धरायचे. मालकानं स्वतः हुंगायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. "दोन नाकांचं एकमत झाल्याशिवाय मी बॅट बाद करत न्हाई," असं ते अभिमानानं सांगायचे. आणि खरंच, काका डबा धरून शांतपणे डोळ्यांत बघायला लागले की भल्याभल्यांची मान खाली जायची. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

एकदा उदगीरकडच्या एका कॉलेजकुमारानं इंटरनेटवर कुठंतरी वाचून रबराला घरचं तेल पाजलं. काकांनी झाकण उघडलं, वास घेतला, परत घेतला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "करडई! अरे बाबा, खेळायला आलास का भजे तळायलास?" तो पोरगा लाजून अर्धा झाला. पण बॅट बाद करून काका थांबले नाहीत. मधल्या वेळेत त्याला शेजारी बसवून घेतलं आणि तेलानं रबर कसं कुजतं, ते समजावून सांगितलं. आतून फुगलेलं रबर ते डोळ्यांनीही ओळखायचे. स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडात बघायचे आणि म्हणायचे, "हे रबर पोटुशी हाय." मग काय, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी. ज्याची बॅट असायची तो सोडून.

तर असे हे काका. मला ते आवडायचे, आणि मग एका दिवसात जगातला सगळ्यात दुष्ट माणूस वाटायला लागले. ते कसं, ते सांगायचं तर आधी अण्णांचं सांगायला पाहिजे.

अण्णा म्हणजे माझे वडील. रेणापूरला त्यांचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली, मागं आमचं घर, मधे एक जुन्या चादरीचा पडदा. सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्या ट्यूबा अण्णांच्या हाताखालून जायच्या. मी रोज एसटीनं लातूरला शाळेला जायची, शाळा सुटल्यावर तिथल्या हॉलमध्ये दोन घंटे खेळायची आणि दिवे लागायच्या वेळेला परत. आल्यावर अण्णांसमोर टायरवर बसून दिवसभराचं सगळं सांगायचं, हा आमचा नेम. अण्णांना टेबल टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण "आज बॅकहँड बसला का?" असं विचारायला मात्र ते विसरायचे नाहीत. तो बॅकहँड म्हणजे त्यांना माझ्या कुठल्यातरी मैत्रिणीचं नाव वाटत असावं, अशी मला कायम शंका.

बारावीच्या वर्षी नांदेडला विभागीय निवड स्पर्धा होती. अंतिम फेरीत पोचणाऱ्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. माझी आदल्या वर्षीची निवड एका सामन्यानं हुकलेली, आणि शाळेतून खेळायचं हे शेवटचं वर्ष. स्पर्धेच्या दोन दिवस आधी उन्हानं माझ्या बॅटचं रबर कडेनं सुटलं. पाण्यात कालवलेला तो नियमातला गोंद लातुरात मिळेना, मागवला तर यायला आठवडा. मी तोंड पाडून टायरवर बसले. अण्णांनी बॅट हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हसले. "येवढ्यासाठी रडायलीस? ट्रॅक्टरच्या ट्यूबला धरतंय ते तुज्या रबराला धरणार न्हाई व्हय?"

त्यांनी रबर अलगद सोडवलं, जुना गोंद कानशीनं इतका हळू घासला की जणू बाळाचं अंग पुसतायत, आणि सोल्युशन लावून रबर बसवून दिलं. वर रात्रभर दोन विटांचं वजन. बॅट अशी जमली की काय सांगू! चेंडू लागला की टण् असा आवाज. मला वाटलं, अण्णांच्या हाताचा गुण. पंक्चरचं सोल्युशन म्हणजे नेमका तोच बंदी असलेला गोंद, हे ना त्यांना माहीत ना मला. गोंदाच्या बंदीबद्दल मी ऐकलं होतं, पण ते सगळं परदेशातल्या महागड्या ट्यूबांबद्दल असतं अशी माझी समजूत. आमच्या दुकानातली दहा-पंधरा रुपयांची वस्तू त्यात कशी येईल?

नांदेडला मी सुटलेच. एकामागून एक तीन सामने सरळ जिंकले. तपासणी उपान्त्य फेरीपासून असायची, म्हणून तोवर बॅट कुणी बघितली नाही. उपान्त्य सामन्याआधी मी ती काकांकडं दिली आणि बाहेर चक्क गुणगुणत फिरत होते. दहा मिनिटांनी काकांनी मला आत बोलावलं. खोलीत आम्ही दोघं आणि दारात एक पंच. काकांनी डबा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "घे, माय."

मी वास घेतला. स्टीलचा आला, थोडा लाकडाचा आला. मी म्हणाले, "काही नाही काका."

"परत घे."

परत घेतला. पार नाक आत घालून घेतला. "नाही येत."

"नीट घे, घाई न्हाई."

"काका, खरंच नाही येत हो."

काका माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं, आणि तेच मला जास्त लागलं. ते दारातल्या पंचाला म्हणाले, "तुमी घ्या." पंचानं दारातूनच हात हलवला. "मला इथपर्यंत यायलाय सर, डोकं उठलं." काकांनी झाकण लावलं. "खोटं बोलू नको, माय. हरलं तर चालतंय. खोटं बोलून जिंकलेलं घरी न्यायला लई जड असतं." मी म्हणाले, मी खोटं बोलत नाहीये. त्यांनी रजिस्टर ओढलं आणि माझ्यादेखत, त्यांच्या त्या सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं: बॅट बाद. खेळाडूने खोटे सांगितले. खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन नाकांचं एकमत नसताना बॅट बाद केली होती.

संघटनेच्या पेटीतली एक गुळगुळीत झालेली बॅट घेऊन मी खेळले. पहिला गेम रागाच्या भरात जिंकले, पुढचे तिन्ही हरले. राज्य स्पर्धा गेली. पण खरं सांगू का, हरण्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलं असतं. ते रजिस्टरातलं वाक्य ओसरेना. आठवड्याभरात शाळेत पत्र आलं. खोटं सांगितल्याबद्दल एक वर्ष खेळबंदी का करू नये याचा खुलासा द्या. एक वर्ष म्हणजे कॉलेजची निवड पण गेली. खेळाच्या सरांनी हॉलची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. वर्गातल्या पोरी कुजबुजायला लागल्या. मी अण्णांना सांगितलं की बॅटमध्ये दोष निघाला, एवढंच. कसला दोष ते मलाच कळलं नव्हतं. काकांच्या नावानं मात्र मी रोज एसटीत बसून बोटं मोडायची. म्हाताऱ्याच्या नाकाला कायमची सर्दी होवो, असलं काहीबाही.

आणि एका रविवारी काका आमच्या दारात उभे!

नांदेडहून लातूर, लातूरहून रेणापूर, स्पर्धेच्या अर्जावरचा पत्ता विचारत विचारत आलेले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. मी पडद्याआडून बघितलं आणि तिथंच थिजले. काकांनी मला बघितलंच नाही. ते दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहून नुसता श्वास घेत होते. पत्र्याच्या खोलीत अण्णा पंखा बंद करून बसलेले, कारण वाऱ्यानं सोल्युशनवर धूळ बसते. पुढ्यात घमेलं, मांडीवर ट्यूब, शेजारी उघडा डबा.

"तुमी तिचे वडील का?" काकांनी विचारलं. अण्णा हो म्हणाले. काका म्हणाले, "मी नांदेडहून आलो. बॅट तपासायला मीच होतो. पोरगी म्हनली, वास येत न्हाई."

अण्णांनी मान वर केली आणि अगदी निरागसपणे विचारलं, "कशाचा वास?"

काका बघतच राहिले. मग वाकून त्यांनी सोल्युशनचा डबा उचलला आणि अण्णांच्या नाकाखाली धरला. "याचा."

"याला कुठला आलाय वास? सोल्युशन हाय की ते!" अण्णा हसायलाच लागले.

काका मटकन माझ्याच टायरवर बसले. अण्णांना वाटलं ऊन लागलं, त्यांनी मला पाण्यासाठी हाक मारली. मी तांब्या घेऊन बाहेर आले, तसे काका उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "माय, माझं चुकलं. तू खरं बोलत होतीस. ज्या घरात जन्मापासून हाच वास, त्या घरातल्या पोरीला तो कसा येईल? जिंदगी लॅबमधी काढली आन् येवढं सुचलं न्हाई मला." त्या वयाच्या माणसानं माझ्यापुढं हात जोडलेले मी कधी बघितले नव्हते. मी म्हणाले, "काका, पाणी घ्या."

नंतर मी विचारलं, तुम्ही आलातच का? तर म्हणाले, "तू रडली न्हाईस ना. खोटं बोलनारं मानूस पकडलं की आदी रडतंय, न्हाईतर भांडतंय. तू नुसती बघत राहिलीस. मला त्या दिवसापासून झोप न्हाई." अण्णांना तेव्हा सगळा प्रकार कळला. बॅट आपल्यामुळं बाद झाली हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

पण काकांचं लक्ष आता वेगळीकडंच होतं. अण्णांच्या हातून व्हॉल्व्हचं टोपण दोनदा खाली पडलं होतं. काकांनी त्यांचे हात हातात घेतले. बोटांना मुंग्या येतात का, पाय जड होतात का, डोकं दुखतं का, एकेक विचारत गेले. अण्णा म्हणाले, ते तर काय रोजचंच, वय झालं. वय कसलं? पंचेचाळीशीचे होते अण्णा. ट्यूबमधला काटा त्यांना बोटानं लागत नसे, मीच शोधून द्यायची, आणि ते आम्हा दोघांना अगदी साहजिक वाटायचं. काकांचा आवाज एकदम बदलला. "हे खेळापुरतं न्हाई, दादा. ही बंदी मानसासाठी केलीय. ही वाफ नसा खाती. आमच्या लॅबमधी बघितलंय मी. उद्यापासून भाईर बसायचं, लिंबाखाली."

अण्णा म्हणाले, बाहेर धूळ बसते, पॅच धरत नाही. "न्हाई धरला तर परत लावा," काका म्हणाले. "नस गेली तर काय लावनार?" त्यानंतर दोघांची चांगलीच जुंपली. अण्णा गिऱ्हाइकाचं सांगायचे, काका बोटांचं. शेवटी काकांनी स्वतःच घमेलं उचललं आणि पांढऱ्या शर्टावर पाणी सांडत ते लिंबाखाली नेऊन ठेवलं. पुढच्या आठवड्यात परत आले आणि अण्णांना लातूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून वर्षभर त्या खोलीत बसले असते तर चालणं अवघड होतं.

राहिलं होतं ते रजिस्टरातलं वाक्य. त्यासाठी काकांनी नांदेडला समितीची बैठक बोलवायला लावली. मला आणि अण्णांनाही नेलं. एका शाळेच्या वर्गात पाच जण बसलेले, मधे अध्यक्ष. काकांनी उभं राहून सांगितलं, मला माझा शेरा मागं घ्यायचाय.

अध्यक्ष म्हणाले, "बॅटला वास होता का नव्हता?"

"होता."

"मग चुकलं काय तुमचं?"

"वास बॅटला होता. खोटेपना पोरीत नव्हता. मी दोन्ही एकाच दमात लिहिलं, ते चुकलं."

एक सभासद म्हणाले, "पंचाला दारातून वास आला आणि हिला नाक घालून येत नाही, हे कोणाला पटेल?" काकांना हेच हवं होतं. त्यांनी पिशवीतून डबा काढला. त्यात सोल्युशनमध्ये बुडवलेली चिंधी होती. झाकण उघडलं तसे अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला, मागच्या माणसानं खिडकी उघडली. काकांनी तो डबा अण्णांपुढं धरला. "घ्या, दादा. खरं असंल ते सांगा."

अण्णांनी डब्यात नाक घातलं. मनापासून वास घेतला, डोळे मिटून घेतला. मग अपराध्यासारखं वर बघून म्हणाले, "न्हाई येत हो, साहेब." खोलीत कुणी हसलं नाही.

अध्यक्ष चांगला माणूस होता, पण व्यवहारी. काकांना बाजूला घेऊन, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले, "शेरा काढतो. पण विचार करा सर. आज तुम्ही लेखी दिलं की नाकाच्या भरवशावर तुमची चूक झाली, तर उद्या तो करडईवाला येईल, परवा आणखी कुणी. तुमच्या तपासणीला काय अर्थ राहील? त्यापेक्षा पोरीला वर्षभर थांबू द्या. तरुण आहे, खेळेल पुढं." मी काकांकडं बघत होते. काकांनी खिशातून पेन काढलं. "येऊ द्या सगळे," म्हणाले, "आदी हिचं लिहितो." आणि उभ्या उभ्याच लिहून सही केली.

शेरा निघाला. बंदी टळली. पुढच्या मोसमात संघटनेनं वर्गणी काढून मशीन घेतलं आणि तपासणीच्या यादीतून काकांचं नाव गेलं. पत्रात कारण वयोमान असं दिलेलं. मला फार वाईट वाटलं, मी तणतणत त्यांच्या घरी गेले. काका मशीनचं माहितीपत्रक चष्मा लावून वाचत बसलेले! "बग, यालापन आदी नुसती हवा दाखवावी लागती," ते आनंदानं म्हणाले. काकूंनी सगळ्या डब्यांत डाळी भरून टाकल्या होत्या, आणि घरात खमंग लसणाची फोडणी बसली होती. मशीन कसं वापरायचं ते मी काकांकडूनच शिकले. नियमातल्या गोंदानं रबर कसं लावायचं, तो पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत कसं थांबायचं, नवीन रबर पाकिटातून काढून वास उडायला तीन दिवस सावलीत कसं ठेवायचं, तेही. घाई केली की म्हणायचे, "वाळू दे, माय. तुला बस पकडायची न्हाई."

कॉलेजला मी नांदेडच्या वसतिगृहात राहिले. पहिल्या दिवाळीला घरी आले, एसटीतून उतरले, अण्णांनी पुढं होऊन माझी पिशवी घेतली आणि मला एकदम कसलातरी उग्र वास आला. मी आजूबाजूला बघायला लागले. मग कळलं. वयाच्या अठराव्या वर्षी मला माझ्या बापाचा वास पहिल्यांदा आला. मी अण्णांना काही बोलले नाही, पण काकांना फोन करून सांगितलं. ते फोनवर इतके हसले, की मागून काकू काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागल्या.

राज्य स्पर्धा मी त्याच वर्षी कॉलेजकडून खेळले आणि दुसऱ्या फेरीत हरून आले. फार मोठी खेळाडू काही झाले नाही. आता लातूरला एका शाळेत खेळ शिकवते आणि स्पर्धांना बॅट तपासणीला मशीन घेऊन बसते. दिवा लाल झाला की बॅट बाद करते, हयगय करत नाही. खेळाडू काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहून घेते. तो खरं बोलला की खोटं, हे माझ्या हातानं मी आजवर एकदाही लिहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. झोपेतच गेले. फोन आला तेव्हा मी अण्णांना सांगायला रेणापूरला गेले, तर त्यांनी हातातलं काम तसंच ठेवलं, हात धुतले आणि धुवट सदरा घालून माझ्याआधी स्टँडवर जाऊन उभे राहिले. नांदेडपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत बसले.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ घेऊन त्या अण्णांना म्हणाल्या, "भाऊ, बाकी कशाचं दुःख नव्हतं त्यांना. येवढं एक मात्र अखेरपर्यंत बोलून दाखवायचे. माज्यामुळं त्या पोरीचं शाळेतलं शेवटचं वरीस गेलं म्हनायचे."

अण्णा हात जोडून उभे होते. मोठ्या माणसांत त्यांना बोलता येत नाही, कधीच आलं नाही. पण त्या दिवशी ते बोलले.

"वहिनी, पोरीचं वरीस गेलं, खरंय," ते म्हणाले. "पन ते माज्या दारात आले नसते तर मी आज चालत तुमच्या दारात आलो असतो का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. आणि मी, त्या पंचासमोर काका मला खोटी म्हणाले तेव्हा न रडलेली मी, अण्णांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळ्या गळ्यानं रडले.